पहिल्या पानावरचं नाव

भाऊंच्या खोलीत निनावी कागदाला थारा नव्हता. प्रिंटरमधून आधी एक पान बाहेर यायचं. ज्याने छापायला पाठवलं त्याचं नाव त्यावर असायचं. मजकूर त्यानंतर. मोठ्या कचेऱ्यांत एकाच प्रिंटरवर पुष्कळ जण छापतात, तिथे कोणाचा कागद कोणता हे कळावं म्हणून हे पान असतं. त्याला बॅनर म्हणतात. भामरागडच्या पलीकडे, नदीकाठच्या त्या गावात प्रिंटर एकच आणि तो चालवणारी माणसं तीन. तिथे या पानाची काही गरज नव्हती. तरी भाऊंनी ते कधी बंद केलं नाही. त्यापायी ते आज तुरुंगात आहेत.

भाऊ मूळचे जंगलातले नव्हेत. आयुष्यभर त्यांनी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर लिलावात निघालेला एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दोन्ही कडांना भोकं असलेल्या सलग कागदाची खोकी टेम्पोत घालून ते इकडे आले. का आले, याचं उत्तर ते दर वेळी वेगळं देत. मला म्हणाले होते, "तिथी चिमणीखाली झोपलो. म्हटलं, झाडाखाली झोपून पाहू." गावच्या ग्रामसभेने गोटुलाजवळ, म्हणजे गाव जमतं त्या मोठ्या घराजवळ, एक खोली दिली. छपरावर सोलरची पाटी, खाली बॅटरी. पावसात रस्ता तुटला की बाहेरचा कागद आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. अर्ज, ठराव, नोटिशीचं उत्तर, जे काही टाइप करून हवं ते त्या खोलीतच व्हायचं.

पावसात बाहेर पडताना ते डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट घालत. छत्री वापरत नसत. उभ्यानेच जेवत. आणि माऊस त्यांना चालत नसे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पडद्यावर काळ्या रंगावर नुसती पांढरी अक्षरं होती. मी माऊस शोधू लागले.

"काय पाहून राह्यली?"

"माऊस कुठे आहे, भाऊ?"

"नाई. बोट दाखवून मागणं लहान लेकराचं काम आहे. तू मोठी झाली ना? मग तोंडानं सांग, काय पायजे ते."

तोंडाने म्हणजे अक्षरांनी. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. चित्रं, खिडक्या यांतलं काही त्यांनी यंत्रावर ठेवलंच नव्हतं. बॅटरी वाचते हे एक कारण होतं. दुसरं, त्यांना ते आवडत नव्हतं. प्रिंटरचं नाव त्यांनी टिटवी ठेवलं होतं, कारण छापताना तो तसाच किंचाळायचा. छापायचं तर ‘एलपी’ लिहायचं, पुढे टिटवीचं आणि फाईलचं नाव द्यायचं. टिटवी ओरडू लागली की गावातली कुत्री उठून बसायची.

सुरुवातीला मराठीचे नुसते चौकोन छापून यायचे, रिकाम्या चौकोनांच्या ओळीच्या ओळी. यंत्राजवळ देवनागरी अक्षरंच नव्हती. भाऊंनी ती मिळवून बसवली, पण चौकोनांचा तो पहिला कागद भिंतीवर चिकटवून ठेवला. येणाऱ्याला दाखवत, "हे पाहा. आपलं बोलणं सरकारले असं दिसते."

मी चंद्रपूरची, गावांना अर्ज-ठराव लिहून द्यायच्या कामासाठी इकडे आलेली. माझे वडील कोळसा खाणीत कामगार, युनियनचे. आमच्या घरी पत्रकं चिकटवायच्या खळीची बादली कायम भरलेली असायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. ‘कामगार बंधूंनो’ हे मी लिहिलेले पहिले शब्द. त्यामुळे खोलीत पाऊल टाकलं त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. डोंगरावर खाण येणार होती, तिच्यासाठी रस्ता आखला होता, आणि तो या गावाच्या मोहाच्या झाडांतून जात होता. पत्रक जळजळीत होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘आपले, सर्व गावकरी’.

भाऊंनी ते मोठ्याने वाचलं. छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर ते मोठ्याने वाचत, नदीपर्यंत ऐकू जाईल असा.

"हे सर्व गावकरी कोण आहेत?"

"सगळे, भाऊ."

"सगळ्याईले आण. मले भेटव. एकेकाले विचारतो, हे तूच म्हटलं का म्हणून."

"पत्रक असंच लिहितात."

"जंगलात रात्री रस्त्यावर टाकलेले कागद सापडतात, तेही असेच लिहितात. त्याच्या उत्तरात पोलीस टाकतात, तेही असेच. कोणाचं नाव नाई. मंग सकाळी मार कोण खाते? ज्याच्या आंगणात कागद सापडला तो." त्यांनी माझं पत्रक परत दिलं. "खाली तुझं नाव लिही. मंग छापतो."

मी भांडले. वडिलांची पत्रकं, संप, सामूहिक ताकद, जे येत होतं ते सगळं बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या बापाच्या खाणीत हजेरी लागे का नाई? ‘सर्व कामगार’ अशी लागे?"

मी नाव लिहिलं. आजही मला त्यांचं सगळं म्हणणं पटलेलं नाही. पण त्या दिवसानंतर मी निनावी ओळ लिहिलेली नाही.

सोमी त्याच गावची. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकून परत आलेली, घरची शेती करणारी, तेंदूपानं आणि मोहफुलं वेचणारी. तिला भाऊंनी टिटवी बसवायला शिकवलं. शिकवण्याची त्यांची रीत अशी की प्रिंटरची सगळी जोडणी स्वतःच पुसून टाकायची आणि म्हणायचं, "पुसलं. आता पुन्हा कर." सोमी ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेने नवी रांग बनवायची. रांग म्हणजे पाठवलेली कामं जिथे आपल्या पाळीची वाट पाहतात ती जागा. तिला दोन दारं असतात, हे भाऊंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एका दाराने काम आत घेतात, दुसऱ्याने छपाईला सोडतात. दोन्ही वेगवेगळी उघडावी लागतात. सोमी एकदा दुसरं उघडायला विसरली. यंत्राने काम घेतलं, नंबर दिला, आणि टिटवी गप्प.

"भाऊ, याने घेतलं म्हणून सांगितलं. मंग काऊन छापून नाई राह्यलं?"

"घेतलं म्हणजे केलं असं कुठी लिहिलं आहे? तहसीलमधी अर्ज देऊन आली का नाई कधी?"

सोमी इतकी हसली की खुर्चीवरून उठली. मग बसून दुसरं दार उघडलं.

तिचं स्वतःचं खातं झालं त्या दिवशी बॅनरवर तिचं नाव आलं. इंग्रजी अक्षरांत नाव, आडनाव आणि गाव, सगळं जोडून. भाऊंचा तसा नियम होता, नुसत्या सोमी तर प्रत्येक गावात आहेत म्हणून. तो कागद ती घरी घेऊन गेली. आईला वाचता येत नव्हतं. सोमीने तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आता त्या बॅनरांचं पुढे काय व्हायचं ते सांगते. पक्क्या प्रतीचं बॅनर कागदाला टाचून राहायचं. पण कच्च्या प्रतींचीही बॅनरं निघायची, आणि ती साठायची. एवढा चांगला कागद, एक बाजू पूर्ण कोरी. भाऊंना कागद फेकवत नसे. आठवडी बाजारात सिरोंच्याकडची एक बाई सुकी मासळी विकायला बसायची, तिला ते गठ्ठा नेऊन देत. ती त्यात सुकट बांधून द्यायची. कडांना भोकं असलेला कागद पाहिला की पंचक्रोशीत कोणीही ओळखायचं, हा भाऊंचा.

मी एकदा म्हणाले, "भाऊ, नावं आहेत यावर. जाळून टाका."

"नाव जाळते का कोणी?" ते म्हणाले, आणि गठ्ठा सायकलला बांधला.

पावसाळ्याच्या तोंडावर, रस्ता तुटण्याआधी, जनसुनावणीची नोटीस आली. पाणी उतरल्यावर तालुक्याला सुनावणी होणार होती. रस्त्यावर ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी लेखी द्यायचं. ग्रामसभेचा एक ठराव पुरेसा आहे, असं मी म्हणत होते. भाऊ ऐकेनात. एक कागद हरवतो, खोटा ठरवता येतो. प्रत्येक घराचा वेगळा आक्षेप, प्रत्येकाच्या डोक्यावर त्या घरच्या माणसाचं नाव. ‘एलपी’ला ‘यू’ हे अक्षर जोडून पुढे नाव लिहिलं की बॅनरवर ते नाव उमटतं. सोमी आज्ञा लिहायची. पण एंटर ज्याचं त्यानेच दाबायचं, हा नियम होता.

त्या दिवसांत खोलीबाहेर माणसं भिजत उभी असायची. सोमी प्रत्येकाला त्याच्या भाषेत त्याचा आक्षेप वाचून दाखवायची. कोणी म्हणायचं, माझ्या मेलेल्या बापाच्या आठवणीचा दगड तिथे उभा आहे तेही लिही. ती लिहायची. मग तो माणूस पुढे यायचा, एंटरवर बोट ठेवायचा आणि टिटवी किंचाळायला लागली की दचकून मागे सरायचा. एका म्हातारीने एंटर दाबलं, मग टिटवीवरचंही बटण दाबून बोट तिथेच ठेवलं, कोरी पानं धडाधड सरकू लागली. भाऊ ओरडले, "सोड वं माय, रस्ता तुटला आहे, असलेला कागद नको संपवू." म्हातारीला मराठी कळत नव्हतं. ती हसली आणि आणखी जोरात दाबलं.

गावातला प्रत्येक आक्षेप असा छापला गेला, खाली अंगठा, वर नाव. पाणी उतरल्यावर गठ्ठा जमा करून पोच घेतली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

सुनावणीच्या थोडे दिवस आधी पोलीस आले. दुपारची वेळ होती. एक तरुण अधिकारी, त्याच्यासोबत बंदूकवाले. अधिकारी सभ्य होता, बूट काढून आत आला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने एक कागद काढला. चुरगळलेला, तेलकट, कडांना भोकं. नक्षलवाद्यांनी जंगलात सोडून दिलेल्या एका तळावर सापडला म्हणाला. कागदाला अजून सुकटीचा वास येत होता. वर इंग्रजी अक्षरांत सोमीचं नाव, आडनाव आणि गाव.

इकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. अशा जागी नाव सापडलं की ते माणूस आत जातं. खटला उभा राहायलाच वर्षं जातात. सुटून आलं तरी कोणी त्याच्या दारात बसत नाही, आणि मुलगी असली तर तिच्याबद्दल काय बोललं जातं ते मी इथे लिहिणार नाही. मासळी विकणाऱ्या बाईचं सांगून उपयोग नव्हता. बाजारात कोण कोण सुकट नेतं ते तिला काय माहीत, आणि तिला गोवण्याने सोमी सुटत नव्हती.

सोमी खोलीतच होती, यंत्रासमोर.

"ही कोण?" अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवून विचारलं.

सोमीने तोंड उघडलं. भाऊ तिच्याआधी बोलले.

"कोणी नाई. ते मशीनमधलं नाव आहे. मी ठेवलं."

"असं कसं? नाव आहे, गाव आहे."

"सायेब, मी कोणाचंही ठेवतो. बसा, दाखवतो."

त्यांनी सोमीला खुर्चीवरून उठवलं. अधिकाऱ्याच्या छातीवरची पाटी वाचली. ‘एलपी’, मग ‘यू’, मग त्या पाटीवरचं नाव. एंटर स्वतः दाबलं. टिटवी ओरडली. पान फाडून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं.

"घ्या. हे तुमी छापलं."

दारातला एक शिपाई हसला आणि लगेच गप्प झाला. अधिकाऱ्याने ते पान घडी करून पिशवीत ठेवलं.

"म्हणजे इथे कोणीही कोणाच्याही नावाने छापू शकतो?"

"कोणी नाई. मीच. दुसऱ्या कोणाले येत नाई."

"ही मुलगी खुर्चीवर बसली होती."

"हे?" भाऊ सोमीकडे न पाहता म्हणाले, "हिले झाडू माराले ठेवलं आहे. हिले काय समजते मशीनमधलं."

जिने ती रांग पुसली गेल्यावर पुन्हा पुन्हा उभी केली होती, तिच्यासमोर भाऊ असं म्हणाले. सोमीचा चेहरा मी पाहिला. भीती होती, पण ती आधीपासूनच होती. या वाक्याने तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते वेगळं होतं. ती कोपऱ्यात गेली आणि उभी राहिली. अधिकाऱ्याने तिला विचारलं, "तुला येतं का हे?" ती बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलले असते तर तिला नेलं असतं.

भाऊंना नेलं. कॉम्प्युटर, टिटवी, कागदाची खोकी, भिंतीवरचा चौकोनांचा कागदसुद्धा नेला. जीपमध्ये चढताना भाऊंनी हेल्मेट मागितलं, ते दिलं नाही.

सुनावणीला मांडव होता, खुर्च्या होत्या, थंड पाण्याचे जार होते आणि चारी बाजूंना बंदुका होत्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आमच्या गावाचा गठ्ठा टेबलावर ठेवला. ते म्हणाले, या आक्षेपांबाबत पोलिसांचा अहवाल आला आहे. हे सगळे कागद एकाच यंत्रावर निघाले आहेत. ज्या माणसाचं यंत्र आहे त्याने स्वतः दाखवून दिलं आहे की तो कोणाच्याही नावाने कागद काढतो. म्हणून पडताळणी होईपर्यंत हे विचारात घेता येणार नाहीत. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी आता उभं राहून नाव सांगावं.

भाऊंनी एका मुलीला वाचवायला जे केलं, त्याने सगळ्या गावाचे कागद खोटे ठरले होते. म्हातारीचा, बापाच्या दगडाचा, सगळेच. मी वकिलासारखं काहीबाही ओरडले, अंगठे तपासा म्हणाले. साहेब म्हणाले, तुम्ही चंद्रपूरच्या, तुम्ही बसा.

गावातून पुष्कळ माणसं आली होती. कोणी उठेना. मी त्यांना दोष देत नाही. तो अधिकारीही मांडवाच्या खांबाजवळ उभा होता.

सोमी उठली. मी तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला. तिने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, कागदावर होतं त्याच क्रमाने.

"रस्त्याले माझा आक्षेप आहे," ती म्हणाली. "आणि हे कागद मी छापले. नावं मी लिहिली, एंटर ज्याचं त्यानं दाबलं. तो जंगलातला कागदही माझाच आहे. बाजारात सुकटीच्या पुडीत गेला. मी झाडू मारत नव्हती. मशीन मी चालवत होती."

आवाज चढवला नाही तिने. बसली. साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी आमच्या गावाचा एक आक्षेप नोंदला गेला. सोमीला तिसऱ्या दिवशी घरून नेलं.

मी भाऊंना भेटायला गेले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. जाळीपलीकडे ते खूप बारीक दिसत होते. पहिला प्रश्न सोमीचा.

मी सांगितलं. ते जाळी धरून उभे राहिले.

"मंग मी इथी कशाले बसलो?"

मग जाळी सोडून ते म्हणाले, "वकिलाले सांग, पोट्टी खोटं बोलून राह्यली. भीतीनं बोलली म्हणा, मले सोडवाले बोलली म्हणा. कागद माझाच."

"भाऊ, ती खरं बोलली."

"मले माईत नाई का? म्हणूनच सांगून राह्यलो."

मी निरोप दिला. वकील चांगले आहेत, फुकट लढत आहेत. ते म्हणाले, दोघांपैकी एकाने तरी बयाण मागे घेतलं पाहिजे, नाहीतर दोघंही बसतील. मी सोमीकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, गावाचे बाकीचे कागद तपासाले घेतले का? घेतले नव्हते, अजूनही घेतलेले नाहीत. मग ती म्हणाली, "मी मागं घेतलं तर ते कोण तपासील?"

तारखेला दोघांना वेगवेगळ्या गाड्यांतून आणतात आणि एकाच बाकावर बसवतात, मध्ये दोन शिपाई. दोघांचे जबाब एकाच फाईलमध्ये आहेत. दोघंही म्हणतात, कागद माझा. पुढची तारीख पडते. रस्त्याचं काम डोंगराच्या त्या बाजूने सुरू झालं आहे.

भाऊ शिपायांवरून वाकून तिच्याकडे पाहतात. मागच्या तारखेलाही पाहिलं. "मच्छरदानी भेटली का वं तुले?" असं विचारलं. ती समोर पाहत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, "जेवण बरं आहे का तिथी?"

ती त्यांच्याशी अजून बोलत नाही.